नाल्यापलीकडचा एक दिवस

मी निवृत्त झालो त्या दिवशी कारखान्यातल्या लोकांनी मला शाल, नारळ आणि चाकांची एक सुटकेस दिली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी पस्तीस वर्षं काढली होती. पंपांचे, ट्रॅक्टरचे, कसले कसले सुटे भाग ओतायचे असत, त्यांची ड्रॉइंगं करायची, माप किती आणि ते चुकायची मुभा, म्हणजे टॉलरन्स, किती ते लिहायचं; आधी बोर्डावर, नंतर कॉम्प्युटरवर. सुटकेस ओढत उचगावला घरी आलो तर बायकोनं ती उघडून बघितली, चाकं फिरवून बघितली आणि विचारलं, "ही कशाला दिली? कुठं जानार हाय तुमी?"

"कुठं नाही. आता आराम."

"आराम? पस्तीस वर्षं खुर्चीत बसून रेघा मारल्या, त्यात दमला व्हय?"

हिचं बोलणं हे असं. माहेर गडहिंग्लजच्याही पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावात. घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड. चांगल्या मूडमध्ये असली की मराठी, चिडली की कन्नड, त्यामुळे बाहेरून घरात येतानाच मला हवामान कळतं. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असंच बोलते. लग्न झालं तेव्हा पुण्याच्या माझ्या मावशीला वाटलं, या सुनेला नीट मराठी शिकवलं पाहिजे. मावशी शिकवायला म्हणून आठ दिवस राहिली आणि जाताना एसटी स्टँडवर मला म्हणाली, "बरं, येतो मी."

तर त्या संध्याकाळी मी चेष्टेनं विचारलं, "बरं मग, तुझ्या मनात कुठं जायचं हाय?"

मला वाटलं, गाणगापूर म्हणेल, नाहीतर मुलीकडे पुण्याला. ही म्हणाली, "हिमनदी बघायची."

सातवीत असताना भूगोलाच्या तासाला मास्तरांनी सांगितलं होतं, की हिमनदी म्हणजे बर्फाची नदी, ती रोज थोडी थोडी चालते. ही उभी राहून म्हणाली, "चालती तर पोचती कुठं?" सगळा वर्ग हसला. मास्तरांना वाटलं पोरगी टवाळी करतेय. उरलेला तास तिनं वर्गाबाहेर उभं राहून काढला. पुढं शाळा सुटली, लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकून नोकरीला लागली, पण त्या प्रश्नाचं उत्तर काही कुणी दिलं नाही. एवढ्या वर्षांत हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

"मी सांगतो की," मी म्हणालो. "ती वितळती."

"ते मलाबी ठाऊक हाय. मला बघायचं हाय."

मुलीचा पुण्याहून फोन आला. तिचं म्हणणं, एवढंच असेल तर चांगल्या टूरबरोबर जा. ही म्हणाली, "टूरवाले शिट्टी वाजवून गाडीत बसवत्यात. मी काय शेळी हाय?" मग ठरलं, आपल्याच गाडीनं जायचं. कोल्हापूर ते थेट हिमालय. पाऊस सरल्यावर, सप्टेंबरात.

मी कामाला लागलो. रोजच्या प्रवासाचा एक कागद केला. त्यावर निघायची वेळ, चहाची वेळ, पेट्रोलची वेळ, मुक्काम. ड्रॉइंगवर असते तशी प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली: कुणी केलं, कुणी तपासलं. तपासणाऱ्याच्या जागी हिची सही मागितली. हिनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली आणि म्हणाली, "ह्यात लघवीची वेळ कुठं हाय?" पुढच्या सुधारित प्रतीत मी ती घातली. मग सगळे कागद लॅमिनेट करून आणले.

तिची तयारी वेगळी होती. कुकर, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, तिथलेच काजू, कांदा-लसूण चटणीची बरणी, भडंगाचा मोठा डबा आणि एक सोलापुरी चादर. त्या चाकांच्या सुटकेसमध्ये तिनं कुकर भरला. माझे कपडे जुन्या पिशवीत गेले.

गाडी कोण चालवणार, हा प्रश्नच नव्हता. तिच्या वडिलांचा ट्रॅक्टर होता आणि घरात मुलगा नव्हता. चौदाव्या वर्षी ती उसाच्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर ओढ्यातून काढायची. मी चाळिशीत गाडी शिकलो आणि अजूनही चाळीसच्या वर नेत नाही. शिरोलीला कामावर जाताना मागून सायकलवाला घंटी वाजवायचा, हे तिनं आमच्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलेलं आहे. त्यात तथ्य आहे, पण ते एकदाच झालं होतं.

पाच दिवस आम्ही उत्तरेकडे जात राहिलो. माझे कागद पहिल्याच दिवशी दुपारी चुकले, कारण हिला रस्त्यात माणूस दिसला की काच खाली करून बोलायचंच असतं. रस्ता मोबाईलवर समोर दिसत असायचा तरी ही विचारायची. "ओ पावणं, ये रस्ता सीधा जाता हाय की न्हाय?" पावणं म्हणजे कोण हे तिकडं कुणाला कळत नव्हतं, पण सगळे थांबायचे. राजस्थानातल्या एका ढाब्यावर मालकानं गाडीचा नंबर बघून विचारलं, "महाराष्ट्र से? आप खुद चलाती हैं?"

"हां, मैं चलाता हूँ," ही म्हणाली. "ये बैठता हाय."

त्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं, की मी उगीचच उठून टायरची हवा तपासायला गेलो.

मनालीच्या वर एक लांबलचक बोगदा आहे. त्यात शिरताना हिरवीगार झाडी होती आणि बाहेर पडलो तर झाड म्हणून नाही. नुसते उघडे, तपकिरी, आकाशाला लागलेले डोंगर आणि त्यांच्या माथ्यावर बर्फ. खाली राखाडी पाण्याची नदी. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. तिनं गाडी कडेला घेतली, उतरली, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "एवढी जमीन, आन सगळी पडीक."

पण थोडं पुढं गेल्यावर उतारावर हिरव्या पट्ट्या दिसल्या. मटार, फ्लॉवर, बटाटे. ही एकदम खूश. आमचा मुक्काम होता ते गाव तिथून जवळच. होमस्टे चालवणारी बाई आमच्याच वयाची, गालांवर उन्हानं लाल चट्टे, डोक्याला रुमाल. ती शेतातून मटार तोडून येत होती. हिनं गाडीतून उतरल्या उतरल्या तिच्या पाटीतली एक शेंग उचलली, फोडली, दाणे तोंडात टाकले आणि मान हलवली. पाचव्या मिनिटाला दोघी शेतात होत्या. पाणी कसं आणलंय, कीड कुठली पडते, खत कसलं, हे सगळं दोघींनी कुठल्या भाषेत बोलून घेतलं ते मला सांगता येणार नाही. सुटकेस आणि कुकर मी एकट्यानं वर नेला. तिला ही अक्का म्हणू लागली, आणि ती हिला दीदी. दोघीही स्वतःला धाकटी समजत होत्या, म्हणून त्यांचं जमलं.

दोन दिवस हवा मानवेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. माझं डोकं दुखत होतं. ही ठणठणीत. तिनं अक्काच्या चुलीवर घनसाळ भात केला. त्या उंचीवर तांदूळ शिजायला फार वेळ लागतो. हिनं कुकरच्या शिट्ट्या कन्नडमध्ये मोजल्या, आणि प्रत्येक शिट्टीला आवाज चढत गेला.

हिमनदीची वाट अक्कानंच सांगितली. गावापासून दीडेक तासाचा कच्चा रस्ता, वाटेत एक नाला, नाल्यापलीकडे रस्ता जिथं संपतो तिथून तासभर दगडांतून चालायचं. "सुबह जल्दी जाओ, बारह बजे से पहले नाला पार करके लौट आना," ती म्हणाली. "धूप चढ़ती है तो ऊपर बर्फ पिघलती है, पानी बढ़ता है." त्या हिमनदीचं नावही तिनं सांगितलं. ते मला एक ऐकू आलं आणि हिला दुसरं, आणि आमचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही.

मी रात्री बसून पेन्सिलीनं नवा कागद केला. सहाला निघणं, साडेसातला नाला, नऊला हिमनदी, साडेदहाला परत फिरणं, साडेअकराला गाडी, बाराच्या आत नाला पार. हिनं सही केली.

सकाळचा नाला बघून मला हसू आलं. दगडांवरून झुळझुळ वाहणारं घोट्याएवढं पाणी. उचगावात पाइप फुटला की याहून जास्त येतं. ही तिसऱ्या मिनिटाला पलीकडे. पुढं गाडी लावून आम्ही चालायला लागलो. माझ्या छातीचा भाता झाला होता, दर वीस पावलांवर थांबायचो. ही पुढं जाऊन दगडावर बसायची आणि मी पोचलो की लगेच उठायची. मला बसायला मिळू नये म्हणूनच ती असं करत होती, असं माझं तेव्हाही मत होतं.

नऊच्या सुमारास एक चढ चढून आम्ही वर आलो आणि थांबलो. समोर बर्फाची नदी नव्हती. काळ्या-करड्या दगडांचा, मातीचा, चिखलाचा एक अवाढव्य ढिगारा होता. दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर लांब कुठंतरी पांढरं दिसत होतं, पण आमच्यासमोर नुसता राडारोडा.

"हिमनदी कुठं हाय?" ही म्हणाली.

मी मोबाईलमध्ये जपून ठेवलेला नकाशा काढला. आम्ही बरोबर तिच्यासमोर उभे होतो.

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण पाच दिवस "ये बैठता हाय" ऐकून घेतलं होतं. मी म्हणालो, "आमच्या फौंड्रीच्या मागं साच्यांची जळकी वाळू टाकत्यात की, तिचा ढीग अगदी असाच दिसतो. शिरोलीला फुकटात दाखवला असता."

मला वाटलं कन्नड येईल, ते आलं नाही. ती खाली उतरून ढिगाऱ्याच्या पायथ्याकडे चालू लागली. मी मागून हाका मारत गेलो. बाजूला वळल्यावर त्या ढिगाऱ्याला एक तोंड होतं. दोन मजली घर मावेल एवढी गुहा, आणि तिच्या आतल्या भिंती बर्फाच्या. पांढऱ्या नव्हे, निळसर, काचेसारख्या, आत दगड अडकलेल्या. वरचा सगळा राडारोडा म्हणजे त्या बर्फावरचं नुसतं पांघरूण होतं. गुहेतून राखाडी पाणी उसळत बाहेर येत होतं. आतून मधूनच काहीतरी तडकल्याचा आवाज यायचा आणि मग वरून दोन-चार दगड घरंगळत खाली पडायचे.

"जवळ जाऊ नको," मी ओरडलो.

ती जवळ गेली नाही. पाण्याच्या काठाशी वाहून आलेला बर्फाचा एक तुकडा पडला होता, म्हशीएवढा. त्याच्यावर हात ठेवून ती उभी राहिली. मग म्हणाली, "हितं पोचती व्हय."

"हितं," मी म्हणालो.

"आन वरनं एवढे दगड घिऊन आली, ते हितं टाकून दिले. आन पानी हून पुढं गेली."

"व्हय."

"मास्तरला तरी कुठं ठाऊक हुतं म्हणा," ती म्हणाली. "त्यानं बघितल्याली न्हवतीच."

मग तिनं चपटा दगड शोधला, त्यावर ऐसपैस बसली आणि डबा उघडून भडंग खायला लागली. मीही बसलो. साडेदहा वाजले. मी घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, "जरा थांबा." पावणेअकरा. अकरा. मी उठून उभा राहिलो, कागद काढला, तिची सही दाखवली. सव्वाअकराला माझा आवाज चढला. "तुला वेळेचं काही हाय का न्हाय? नाला भरंल!"

ती माझ्याकडे न बघता बोलली, आणि न ओरडता. "तुमी पस्तीस वर्षं घड्याळ बघितलं. मी तुमची वाट बघितलो. आज जरा मला हे बघू द्या."

शिफ्टच्या, ओव्हरटाइमच्या, अर्जंट ड्रॉइंगच्या किती संध्याकाळी ती जेवायची थांबली असेल, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. मी परत बसलो. तिनं डबा माझ्याकडे सरकवला. आम्ही तिथं आणखी तासभर बसलो असू, आणि खरं सांगायचं तर त्या तासात एकदा वरचा एक मोठा कडा सुटून धडाडत खाली आला, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांचा हात धरला. तो ताबडतोब सोडलाही.

नाल्यापाशी आलो तेव्हा दोन वाजत आले होते. सकाळचा नाला तिथं नव्हताच. तांबूस-करडं पाणी रस्त्याच्या दुप्पट रुंदीनं धो धो वाहत होतं आणि खाली दगड एकमेकांवर आपटत जात असल्याचा घडघड आवाज येत होता.

मी अपराधी माणसासारखा गप्प होतो, खरं तर अपराध तिचा होता. काहीतरी करून दाखवावं म्हणून मी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, एक काठी घेतली आणि खोली मोजायला पाण्यात उतरलो. ड्राफ्ट्समन माणूस; माप घेतल्याशिवाय कसं चालेल? तिसऱ्या पावलाला पायाखालचा दगड सरकला आणि मी त्या बर्फाच्या पाण्यात बसलो. नुसता बसलो नाही, बसून दोन हात पुढं गेलो. हिनं काठावर पालथं पडून माझा शर्ट धरला आणि ओढून काढलं. तोवर ती घाबरली होती. मी बाहेर आल्यावर मात्र हसायला लागली, ती गाडीच्या बॉनेटला टेकून बसेपर्यंत.

"किती भरलं?" तिनं विचारलं. "टॉलरन्ससकट सांगा."

माझे दात वाजत होते. कोरडे कपडे सगळे अक्काच्या घरी. मग सोलापुरी चादर निघाली. ती लुंगीसारखी गुंडाळून मी सीटवर बसलो, आणि आता मात्र मला लवकरात लवकर तिथून निघायचं होतं. म्हणालो, "चल, काढ गाडी. तू ट्रॅक्टर काढायचीस की ओढ्यातनं."

"डोकं फिरलंय व्हय तुमचं?"

"अगं, पाच दिवस एवढी फुशारकी..."

"आमच्या ओढ्याचा तळ मला ठाऊक हुता," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "कुठं खडक, कुठं रेती, सगळं. जन्मल्यापासनं बघत आल्तो. हे पानी मला ठाऊक न्हाय. मी न्हाय घालत गाडी."

"मग?"

"मग बसायचं. सकाळी कमी हुईल."

"सकाळी!" मी म्हणालो. हे कुठल्याच कागदात नव्हतं. इथं रेंज नाही, मुक्काम नाही, अक्का काळजी करेल, माझं डोकं दुखतंय, थंडी वाजतेय, असं मी एकेक सांगत गेलो. शेवटी ते आलंच. "सुम्म कुंद्री!" म्हणजे गप्प बसा. मी गप्प बसलो. मला आतून बरंच वाटलं. त्या पाण्यात शिरायची भीती मलाच जास्त होती, आणि ते तिला ठाऊक होतं.

थोड्या वेळानं पलीकडच्या काठावर तीन मोटरसायकली आल्या. पोरांनी पाणी बघितलं, आपसांत काहीतरी बोलले आणि गाड्या वळवायला लागले. ही टुणकन उतरली आणि तिच्या रानातल्या आवाजात ओरडली, "ओ पावणं! गाव में अक्का को बोलो, हम इधर मजे में हाय! सवेरे आता हाय!" तेवढ्या घडघडाटातून ते पलीकडे पोचलं. एकानं हात वर केला. मीही दार उघडून हात केला, तर चादर वाऱ्यानं उडाली. त्यांनी फोटो काढला असावा.

मग पुढं काहीच नव्हतं. अख्खी दुपार होती आणि कुणाचाच फोन येणार नव्हता. घरात आम्ही दोघंच असलो तरी कुकर असतो, टीव्ही असतो, शेजारीण असते. इथं नुसते डोंगर आणि पाण्याचा आवाज. पहिला तास आम्हाला अवघडल्यासारखंच झालं, नव्यानं लग्न झालेल्यांसारखं. ती म्हणालीही, "आपण लग्न झाल्यावर फिरायला कुठं गेल्तो, आठवतंय?"

"पन्हाळ्याला."

"सकाळी सातला स्कूटरवरनं. आन दुपारच्या शिफ्टला तुमी कामावर. मी तबक उद्यानात भेळ खायाला बसलो तर म्हणाला, बांधून घे, घरी खा."

"भेळ चांगली होती," मी म्हणालो.

"मऊ पडल्याली घरी येस्तवर."

तीस वर्षांनी त्या भेळेवर आमचं पहिल्यांदा नीट बोलणं झालं. मी कबूल केलं, की त्या दिवशी रजा मागायला मला लाज वाटली होती. साहेब हसतील म्हणून. ती म्हणाली, हसू द्यायचं की. मग तिनं मला शंभरापर्यंत कन्नड आकडे शिकवायला घेतले. मी वीसच्या पुढं गेलो नाही. तिचं म्हणणं, सासऱ्यांच्या घरचं एवढं जेवलात, आकडे तरी यायला पाहिजे होते. मी म्हणालो, जेवताना मोजायचं नसतं. ऊन डोंगराच्या मागं गेलं तशी तिनं चादरीचा निम्मा भाग माझ्याकडून काढून घेतला. काजू, भडंग आणि चटणी खाऊन, अधूनमधून इंजिन चालवून ऊब घेत, आम्ही सीट मागं करून झोपलो. झोप फारशी लागली नाही. पण तक्रार कुणीच केली नाही, हे आमच्याकडे नवीन होतं.

उजाडताना मी डोळे उघडले तर घडघड थांबली होती. काच पुसून बघितलं. नाला परत घोट्याएवढा, शहाण्यासारखा वाहत होता. आणि पलीकडच्या काठावर, एका पिकअप गाडीला टेकून अक्का उभी होती, हातात मोठा थर्मास घेऊन.

ही उतरली. चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि दगडांवरून चालत निघाली.

"अगं, गाडी?" मी ओरडलो.

ती मागं वळून म्हणाली, "तुमी आणा की. एवढं पानी तुमच्या मापाचं हाय."

माझी विजार कडक होऊन वाळली होती. ती चढवून मी स्टिअरिंगवर बसलो. पहिला गिअर टाकला, श्वास रोखला आणि गाडी पाण्यात घातली. पाणी चाकाच्या पाव उंचीएवढंही नव्हतं. बरोबर मध्यावर माझा पाय क्लचवरून सटकला आणि गाडी बंद पडली. काठावर दोघी बायका चहा पीत होत्या. मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण खांदे हलताना दिसत होते. मी गाडी चालू केली आणि पलीकडे आलो. अक्कानं माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "भाई साहब, अच्छा चलाते हो." त्यावर दोघींनी मिळून पुन्हा हसायला सुरुवात केली.

त्यानंतरचा आठवडा आम्ही त्या डोंगरांतून फिरलो. आणखी तीन हिमनद्या लांबून बघितल्या, एक तर कॅलेंडरवर छापावी तशी पांढरीशुभ्र, वळणं घेत खाली आलेली. मी म्हणालो, ही बघ, खरी. हिनं जरा बघितलं आणि म्हणाली, "बरी हाय. पन आपली बरी हुती." कागद मी काढले नाहीत. ते मागच्या सीटवर होते आणि कुकर हलू नये म्हणून त्याच्याखाली लावलेले होते.

रेंज आली ती तिसऱ्या दिवशी. फोन लागल्या लागल्या मुलगी आमच्यावर तुटून पडली. तीन दिवस फोन बंद, तिनं मनालीच्या पोलीस ठाण्याचा नंबरसुद्धा शोधून ठेवला होता. फोन हिच्या हातात होता. मी खुणेनं विचारलं, सांगायचं का? हिनं माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, "अगं, रेंज न्हवती. बाबा आन मी खोलीतच हुतो. थंडी लई हाय. हितं मटार काय चांगला पिकतोय म्हणून सांगू!" आणि मग दहा मिनिटं मटारावर बोलली.

मुलीपासून आम्ही आजवर काही लपवलेलं नाही. हे मात्र लपवलं. दिवाळीला ती उचगावला आली, फोटो मागितले, तेव्हाही दोघांनी एकमेकांकडे न बघता फ्लॉवरच्या शेताचे फोटो दाखवले. तिला शंका आली, कारण आम्ही दोघं एका बाजूचे आहोत असं तिनं आधी कधी बघितलं नव्हतं.

आता हे वाचून तिला सगळं कळेलच, आणि फोन येईल. तो कुणी घ्यायचा यावर काल संध्याकाळपासून घरात वाद चालू आहे. ही म्हणते, तुमी लिहिलंय, तुमीच घ्या. मी म्हणतो, पाण्यात गाडी न घालायचं तू ठरवलंस. अजून मराठीतच चाललंय, म्हणजे तडजोडीला जागा आहे.